मराठी शिकवणारी मी आता कोरकू शिकून राहिले (भाषा शिकवणाऱ्यांनो, इकडे या)

सातपुड्यातली_मॅडम

नमस्कार मंडळी,

मी धारणी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जि.प. शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. माहेर दर्यापूरकडचं, घरात वऱ्हाडी, बीए मराठी घेऊन, म्हणजे भाषा हा आपला हक्काचा विषय असं धरूनच नोकरीला लागले आणि इतकी वर्षं तोच शिकवला. मागच्या पावसाळ्यापासून मी कोरकू शिकून राहिले. कामापुरते चार शब्द नाही, नीट वही घालून, रोज बसून, शिकवणारी धरून. खुर्चीवरून उठून सतरंजीवर बसलं की वर्ग किती वेगळा दिसतो हे मला कुणाशी तरी बोलायचंच होतं म्हणून हा धागा. लांब होणार आहे.

ज्यांना कोरकू माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ही मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. गोंडी, कोलामी ह्या तेलुगूच्या भाषाकुळातल्या, द्राविडी. कोरकू तिसऱ्याच कुळातली, मुंडा. तिच्या जवळच्या भाषा म्हणजे संताली, मुंडारी, हो, आणि त्या पार झारखंड-ओडिशा-बंगालकडे. मुंडा भाषांमधली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा आपल्या सातपुड्यात बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सुमारे ७ लाख २७ हजार होते, त्यात मेळघाट आला आणि मध्य प्रदेशातले खंडवा, बुऱ्हाणपूर, बैतूल वगैरे पण आले. धारणीच्या बाजारात हिंदी चालते, ऑफिसात मराठी, आणि घरात, वावरात, चुलीजवळ कोरकू. पहिलीत लेकरू येतं ते ही तिसरीच भाषा घेऊन येतं आणि पुस्तक उघडतं ते मराठी.

माझ्या शिकवणाऱ्या दोघी. शाळेमागच्या घरातली आजी आणि तिची नात, जी आमच्याच शाळेत चौथीत आहे. शाळा सुटली की मी त्यांच्या ओट्यावर जाते. आजी काहीतरी निवडत असते, कुटकी नाहीतर मोहफुलं, आणि बोलत असते. नात समोर चिंचोके मांडते. एक चिंचोका, मिया. दोन, बारी. तीन, अफई. मग ती चिंचोके मुठीत झाकते आणि मला विचारते किती. मग चिंचोके सोडून अंगणातल्या कुत्र्यांवर येते. एक कुत्रा असला तर सिता. दोन असले तर सिताकिंग. दोनाहून जास्त झाले की सिताकू. दोनासाठी वेगळं रूप! आपण संस्कृतच्या तासाला द्विवचन पाठ करायचो, परीक्षेपुरतं, आणि इथं चौथीतली पोरगी ते अंगणात पळताना वापरून राहिली, कुणी शिकवल्याशिवाय.

आता मुद्द्यावर येते.

पहिली गोष्ट ऐकण्याची. सुरुवातीचे कितीतरी दिवस मला आजीच्या बोलण्यात शब्द कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हेच कळत नव्हतं, सगळा एकच लांब आवाज. मी गप्प बसायची. पण ते रिकामं गप्प बसणं नव्हतं हो, डोकं इतकं काम करत होतं की विचारू नका, कोणता आवाज परत परत येतो, तो आला की आजी कशाकडे बघते, नात काय उचलून आणते. आणि एक दिवस अचानक मधले मधले तुकडे सुटे ऐकू यायला लागले. त्या दिवशी मला माझ्या पहिलीच्या वर्गातली ती सगळी लेकरं आठवली जी जून ते दिवाळी तोंडातून शब्द काढत नाहीत. आपण नोंदीत काय लिहितो? 'प्रतिसाद देत नाही.' अरे ते लेकरू दिवसभर तेच काम करून राहिलं जे मी ओट्यावर करत होते. भाषा शिकण्याच्या अभ्यासात या काळाला मूक काळ म्हणतात, मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं पण होतं. स्वतःच्या अंगावर आल्यावर कळलं की त्या काळात कुणी बोट दाखवून 'बोल, बोल ना' म्हटलं की जे काही जमा होत असतं ते पण सांडतं.

दुसरी गोष्ट थकवा. तासभर कोरकू ऐकलं की माझं कपाळ ठणकते. मोठी बाई, रोजची सवय, तरी. सहा वर्षांचं लेकरू साडेदहापासून परक्या भाषेत बसतं. दुपारी खिचडी खाल्ल्यावर अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत असतो, त्याला आपण लक्ष नाही म्हणतो, जेवण जड झालं म्हणतो. मी आता खिचडीनंतरची वीस मिनिटं मराठीला पूर्ण सुट्टी देते. त्या वेळात जो काही खेळ, गाणं, गोष्ट होईल ती कोरकूत, आणि सांगतात लेकरंच, मी ऐकते. त्यानंतरचा मराठीचा तास सकाळच्या तासाइतका ताजा जातो हे मी रोज बघून राहिले.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुरुस्ती. नात कडक आहे. वाक्याच्या मधे थांबवते, 'असं नाही मॅडम', आणि तिनं सांगितलेलं बरोबर म्हणेपर्यंत मी काय सांगणार होते तेच विसरते. आजी कधीच थांबवत नाही. मी काहीतरी मोडकंतोडकं म्हणते, आजी तेच नीट रूपात म्हणून मला पुढचा प्रश्न विचारते. म्हणजे बरोबर रूप माझ्या कानावर पडलं, माझी गोष्ट पण तुटली नाही. वहीत तारखा घालून बघितलं, आजीकडून आलेली रूपं टिकली, नातीनं घोकून घेतलेली पुन्हा पुन्हा विचारावी लागतात.

आता हे वर्गात कुठं लागतं ते सांगते. कोरकूत आपल्यासारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग नाही. वस्तू सजीव की निर्जीव याला महत्त्व. मग आमचं लेकरू म्हणतं, 'मॅडम, बस आला.' त्यानं का म्हणून मानावं की बस बाई आहे आणि ट्रक माणूस? खुर्ची ती, फळा तो, पुस्तक ते, याला कारण नाही, फक्त सवय आहे, आणि ती सवय हजार वेळा ऐकूनच येते. म्हणून मी आता म्हणते, 'हो का, बस आली? कोण उतरलं बसमधून?' लेकरू सांगतं कोण उतरलं. गोष्ट पुढं जाते. दोन-तीन महिन्यांत 'बस आली' आपोआप येते, आणि मुख्य म्हणजे लेकरू बोलायचं थांबत नाही.

एक अडचण आहे, ती इथं जाणकारांना विचारते. काही शब्दांच्या जोड्या मला एकदम सारख्या ऐकू येतात. नात म्हणते वेगळ्या आहेत, आजी हसते आणि म्हणते वेगळ्या आहेत, आवाज कुठंतरी खाली उतरतो म्हणे, मला अजून पकडता येत नाही. कान कसा तयार करायचा? आणि वहीत देवनागरीत लिहिताना हा फरक दाखवायचा कसा? ज्यांनी नोकरीतल्या गावची भाषा अशी मुळापासून शिकली त्यांनी लिहा प्लीज.


काटेपूर्णा_काठ

वाचून राहिलो ताई, फार आवडलं. एक विचारू का, आजी पैसे घेतात का शिकवणीचे? आमच्याकडे बंजारा लेकरं आहेत वर्गात, मला पण गोरमाटी शिकायची आहे पण कुणाला 'मले शिकवा' म्हणायला संकोच वाटते.


सातपुड्यातली_मॅडम

@काटेपूर्णा_काठ भाऊ, पैसे नाही घेत. मी त्यांची कागदपत्रं बघून देते, बँकेचं, रेशनचं, आणि जाताना चहापत्ती-साखर नेते. संकोच करू नका. मी सरळ म्हटलं होतं, 'आजी, मला तुमची भाषा येत नाही, लेकरांना शिकवायला अडते, शिकवता का?' त्यांना याचं नवल वाटलं आणि आनंदही झाला, आजवर बाहेरून आलेल्या कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.


आलापल्ली_एटापल्ली_रोड

मॅडम, तुमचं ते मूक काळाचं वाचून मोबाईल बाजूला ठेवून बसलो थोडा वेळ. मी मूळचा मराठवाड्यातला, पहिलीच नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात मिळाली, तेव्हापासून इकडेच. आमच्याकडे माडिया. कुरखेडा-धानोराकडची गोंडी वेगळी, इकडची माडिया वेगळी, सिरोंचाला गेलं की तेलुगू, एका जिल्ह्यात इतकं काही आहे. पहिल्या वर्षी एका सरांनी मला गोंडी शब्दांची झेरॉक्स दिली होती, ती घेऊन मी वर्गात उभा राहिलो तर अर्धे शब्द लेकरांना लागेनातच, कारण ती यादी दुसऱ्या भागातली. म्हणून माझा पहिला सल्ला नव्या लोकांना हाच की छापील यादीवर विसंबू नका, आपल्या गावचं ऐका.

मी शिकलो ते व्हॉलीबॉलच्या मैदानावर. संध्याकाळी पोट्टे खेळायचे, मी पण उतरायचो. खेळताना जी भाषा येते ती खूप छोटी आणि खूप पक्की, दे, मार, सोड, इकडे, मागं, आता माझी बारी. क्रियापदं सगळी मैदानातूनच आली. नामं मग बाजारातून आली. व्याकरण सगळ्यात शेवटी.

लिंगाचं तुम्ही लिहिलं तसंच पण वेगळ्या प्रकारे इकडे आहे. गोंडीत एकवचनात दोनच भाग, पुरुष एकीकडे आणि बाकी सगळं दुसरीकडे, म्हणजे बाई, गाय, झाड, दगड यांना क्रियापदाचं रूप एकच. आमच्या लेकराला 'आई आली' आणि 'झाड पडलं' यात दोन वेगळी रूपं का लागतात हे कळायला वेळ लागतो. ज्या शिक्षकाला ही गोष्ट माहीत आहे तो चिडत नाही, कारण त्याला दिसतं की लेकरू नियमानंच बोलून राहिलं, फक्त नियम त्याच्या घरचा आहे. आणि हे माहीत व्हायला त्याची भाषा थोडी तरी शिकावीच लागते, दुसरा रस्ता नाही.

हेमलकशाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९७३ ला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉ. प्रकाश आमटे आणि मंदाकिनीताईंना आधी माडिया शिकावी लागली. पेशंटला कुठं दुखतं हे विचारता आलं पाहिजे ना. डॉक्टरला ते बंधनकारक वाटलं, मग मास्तरला का वाटू नये, आपण तर भाषेचंच काम करतो.

कान तयार करायचं विचारलं तर, मी रेकॉर्ड करून झोपताना ऐकायचो. जोडीतले दोन शब्द एकामागे एक, एकाच माणसाच्या आवाजात. बरेच दिवस काही फरक कळला नाही, मग कळायला लागला.


व्यवहार_आधी

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मी पालक आहे, शिक्षक नाही, मोर्शी तालुक्यात शेती आहे. आमच्या वावरात दरवर्षी मेळघाटातून मजूर येतात, त्यांच्याशी बोलणं होते. मी त्यातल्या एकाला विचारलं पोराला काय शिकवायचं, तो म्हणाला इंग्रजी. कोरकू त्याले येतेच ना, घरी बोलते तो. मग शाळेचा वेळ कोरकूवर कायले घालवायचा? दुसरं, तुमची उद्या बदली झाली की नवीन येणाऱ्याले अ का ठ कळणार नाही, लेकरं मधातच राहतील. तिसरं, पुढं स्कॉलरशिप, नवोदय, पोलीस भरती, सगळ्या परीक्षा मराठी नाहीतर इंग्रजीत. तुमची मेहनत खरी आहे ताई, पण लेकराचा फायदा कशात आहे हे पण पाह्यलं पाहिजे.


धारणीचा_पोट्टा

पहिल्यांदाच लिहून राहिलो इथं, चूकभूल समजून घ्या. मी कोरकू आहे, गाव धारणीपासून आत, सध्या अमरावतीत एमए करतो.

व्यवहार_आधी काका, तुमचं म्हणणं समजलं, माझे वडील पण हेच म्हणायचे आणि अजून म्हणतात. फक्त माझ्यासोबत काय झालं ते सांगतो. मी चौथीपर्यंत मराठीचं पुस्तक खडाखड वाचायचो. सर पाहुणे आले की मलाच उभं करायचे. अख्खं पान, न अडखळता. आणि त्या पानात काय लिहिलं आहे ते मला कळायचं नाही. अक्षराला आवाज लावता यायचा, बस. पाहुणे टाळ्या वाजवून जायचे. प्रश्नाचं उत्तर लिहायची वेळ आली की मी प्रश्नातला एखादा शब्द धड्यात शोधायचो आणि तो सापडला की ते वाक्य उतरवून काढायचो, बरेचदा बरोबर पण यायचं. समजून वाचणं माझं सातवीत सुरू झालं, आश्रमशाळेत, तेही एका मोठ्या कोरकू मुलानं रात्री धडा आमच्या भाषेत सांगायला सुरुवात केली म्हणून. ती मधली वर्षं मला मिळाली असती तर मी स्कॉलरशिपला बसलो असतो की नाही सांगा. म्हणजे काका, तुम्ही म्हणता तो फायदाच यातून मिळतो.

मॅडम, तुम्हाला एक मनातलं सांगतो. तुम्ही कोरकू शिकता म्हणून लेकरांना मराठी लवकर येते हे चांगलंच आहे, पण आमची भाषा तेवढ्यापुरतीच नको. पहिलीत वापरली, दुसरीत सोडली, असं नको. आम्हाला आमच्या भाषेत लिहायचं पण आहे. संताली आमच्याच कुळातली, ती २००३ मध्ये ९२ व्या घटनादुरुस्तीनं संविधानातल्या भाषांच्या यादीत, आठव्या अनुसूचीत गेली, बोडो, डोगरी, मैथिलीसोबत. तिची स्वतःची ओल चिकी लिपी आहे, तिच्यात पुस्तकं निघतात. कोरकू त्या यादीत नाही, गोंडीसुद्धा नाही आणि गोंडी बोलणारे तर २०११ ला २९ लाखांच्या वर होते.

मी स्वतः विद्यार्थी झालोय सध्या. माझ्याच भाषेचा. लायब्ररीत कोरकूचं व्याकरण बघितलं आणि त्यात मी रोज बोलतो ते नियम छापलेले होते, ते वाचताना अंगावर काटा आला. आवाज खाली उतरतो म्हणालात ना, ते खरं आहे, भाषेचे अभ्यासक त्याला तान म्हणतात. मी तुम्हाला जोड्या रेकॉर्ड करून देतो. लिहिताना सध्या अक्षराखाली आडवी रेघ मारा, मी पण तसंच करतो.


जामोदवाला

बुलढाण्यातून. या धाग्यात आमच्या जळगाव जामोद तालुक्याचं नाव यायलाच पाहिजे. इकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये निहाली बोलणारी माणसं आहेत, फार थोडी, दोन-अडीच हजार असतील नसतील. ही भाषा ना मराठीच्या कुळात बसते, ना द्राविडी, ना मुंडा. जगात तिला कुळच सापडलेलं नाही. कोरकूंसोबत राहून राहून त्यांच्या भाषेत कोरकूचे खूप शब्द आलेत आणि बरेच लोक कोरकू पण बोलतात. म्हणजे बघा, एकट्या विदर्भात तीन भाषाकुळं आणि वर ही एकटी. आपल्या डी.एड.च्या अभ्यासक्रमात यातलं एक वाक्य मला आठवत नाही. तिथं भावी शिक्षकाला निदान सहा महिने यातली एखादी भाषा शिकायला लावली पाहिजे, पास होण्यापुरती का होईना, म्हणजे तो जिथं जाईल तिथं शिकणाऱ्याच्या बाजूनं विचार करेल.


अंगणवाडी_चिखलदरा

मॅडम तुम्ही लय छान लिवलं. मी अंगणवाडीत सेविका हाव, परतवाड्याकडची, मले बी आधी कोरकू येत नव्हती. आमची मदतनीस कोरकू आहे, तिच्याच भरवशावर सगळं चालते. पाह्यलं तं लेकरू तीन वर्षाचं येते, त्याले घरून आल्यावर पह्यले आपल्या भाषेत कोणीतरी हाक मारली पाह्यजे, मंग ते रडत नाही, मंग ते जेवते बी अन् खेळते बी. मी तिच्याकून गाणे शिकले, हातवारे करून म्हणाचे गाणे, लेकरं हासतात, मंग तेच गाणं मी मराठीत म्हणतो तं त्यायले अर्थ सांगा लागत नाही. शाळेत मास्तर लोकायनं एकदा तरी अंगणवाडीत येऊन मदतनिसाले इचारलं पाह्यजे का कोणतं लेकरू काय बोलते. तिले गावातल्या सगळ्या लेकरायचं माहीत राह्यते. तिले कोणी ट्रेनिंगले बलावत नाही, ते बी झालं पाह्यजे.


सातपुड्यातली_मॅडम

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

अंगणवाडीताई, तुमचं मदतनिसाचं मी उद्याच करते. आमच्या गावातली मदतनीस तर त्या आजींची सूनच आहे.

@धारणीचा_पोट्टा दादा, तुझं वाचून मी रात्री झोपले नाही नीट. खडाखड वाचणारी लेकरं माझ्या पण वर्गात आहेत. या आठवड्यात मी प्रत्येकाला एक परिच्छेद वाचायला दिला आणि मग म्हटलं आता पुस्तक मिटून हे आपल्या भाषेत, कोरकूत, मला सांग. जी दोन लेकरं सगळ्यात अडखळत वाचतात त्यांनी सगळ्यात भरभरून सांगितलं. आणि एक हुशार म्हणून नाव असलेली पोरगी गप्प राहिली. निपुणच्या (लेकरांना वाचन-गणित यावं म्हणून सरकारचं अभियान) चाचणीत मिनिटाला किती शब्द वाचले ते मोजतो ना आपण, त्याच्या शेजारी मी आता हा एक कॉलम वाढवलाय, समजून सांगितलं का, आणि ते कोरकूत सांगितलेलं चालेल. माझी कोरकू एवढीच आहे की सांगितलेलं बरोबर आहे का हे ओळखता येतं, तेवढ्यानं पण काम होतं. लिहिण्याचं तू म्हणालास ते पटलं. दुसरीच्या लेकरांकडून आजी-आजोबांच्या गोष्टी कोरकूत, देवनागरीत लिहून घ्यायला सुरू करते, रेघ मारून.

@व्यवहार_आधी दादा, तुमचा मुद्दा टाळायचा नाही मला. शाळेत मराठीचा वेळ मी कमी केलेला नाही, इंग्रजीचाही नाही. परीक्षा मराठीत आहेत म्हणूनच मराठी पक्की व्हावी अशी माझी धडपड आहे. आणि हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी हे संविधानाच्या ३५०अ कलमात १९५६ पासून आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं आहे, २०२० च्या धोरणात पण निदान पाचवीपर्यंत म्हटलंय. कागदावर सगळं आहे. वर्गात ते उतरवायला लेकराची भाषा येणारा माणूस लागतो. बदलीचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही.

गणिताचं पण लिहायचं राहिलं होतं. २०१९ मध्ये दुसरीच्या बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मंगला नारळीकरांना किती समजावून सांगावं लागलं. मी तेव्हा शिकवत होतेच. आता कोरकूत आकडे शिकताना मला त्यांचं म्हणणं नव्यानं पटलं. आमच्या गावात दहापर्यंत कोरकू आकडे आहेत, पुढं लोक हिंदी-मराठीच वापरतात. 'एकोणसाठ' ऐकून ५९ लिहायचं म्हणजे साठ मनात आणून एक मागं यायचं, आपल्याला ते जन्मापासून ऐकून सोपं झालंय. ज्याला ते नवीन आहे त्याला 'पन्नास नऊ' म्हणू दिलं तर त्याचं गणित तरी चालू राहतं, भाषा मागून येईल. मी तोंडी दोन्ही चालवते.


पोडावरचे_गुरुजी

यवतमाळ जिल्ह्यातून, वय सत्तरीच्या पुढे. मी मराठी आणि हिंदी शिकवून निवृत्त झालो आणि आता कोलामी शिकतो आहे. झरी-जामणी भागात माझ्या शेतालगत कोलामांचा पोड, म्हणजे वस्ती आहे. आयुष्यभर त्यांच्याशी मराठीत बोललो, त्यांनीही आपली मराठी सांभाळून माझ्याशी बोलणं केलं. निवृत्तीनंतर वाटलं की शेजार इतका जुना आहे, आता आपली पाळी.

बाईंनी थकव्याचं लिहिलं, त्याला म्हातारपणी आणखी एक बाजू असते. नवीन शब्द सकाळी येतो, दुपारी जातो. त्यासाठी मी एक पद्धत धरली आहे, शब्द लिहून न ठेवता त्या दिवशी कुणाशी तरी वापरायचाच. बैल सोडताना, पाणी मागताना. वापरलेला शब्द राहतो. वहीतले बरेच गेले.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे, ती आठवावी म्हणून लिहितो. पवनारच्या विनोबांनी तुरुंगात असताना दक्षिणेकडच्या चारही भाषांचा अभ्यास केला, तमिळ, तेलुगू, कन्नड, मलयाळम. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले, स्वतः दुसऱ्यांना गीता समजावून सांगणारे, आणि वेल्लोरच्या तुरुंगात ते या भाषांची मुळाक्षरं गिरवत होते. त्याही आधी चक्रधरस्वामी गुजरातेतल्या भडोचचे, वऱ्हाडात रिद्धपूरला आले, आणि त्यांचं सगळं निरूपण झालं ते इथल्या लोकांच्या मराठीत. आपली मराठी ज्यांच्या शब्दांनी श्रीमंत झाली त्यात बाहेरून येऊन ती शिकलेला माणूस आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा गावात पेढे वाटले, मीही खाल्ले, फार बरं वाटलं. त्याच मराठीच्या मास्तरांनी शेजारच्या कोलामीला, कोरकूला, गोंडीला वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. २०११ ला कोलामी बोलणारे जेमतेम सव्वा लाखावर होते.

पोडावरच्या लेकरांना मी आता मराठी वाचन घेतो संध्याकाळी, फुकट. पहिली दहा मिनिटं ती मला कोलामी शिकवतात. त्या दहा मिनिटांत कोणतं लेकरू कसं समजावून सांगतं हे दिसतं, आणि तेच मग मराठी शिकवताना उपयोगी पडतं. एक मुलगा मला कधी शब्द सांगत नाही, तो वस्तू आणून हातात देतो. त्याला मी आता मराठी तसंच शिकवतो.


व्यवहार_आधी

सगळ्यायचं वाचलं. धारणीच्या पोराचं खडाखड वाचायचं मनाले लागलं, माझ्या धाकट्याचं इंग्रजी मीडियमले हेच होऊन राहिलं, पोएम फाडफाड म्हणते अन् अर्थ विचारला की माझ्या तोंडाकडे पाह्यते. मी त्याले कालपासून धडा वऱ्हाडीत सांगायला लावून राहिलो. बाकी बदलीचं काय ते सांगा मॅडम, तुमच्यानंतर काय? त्याच्यावर मी अडून आहो अजून.


आलापल्ली_एटापल्ली_रोड

बदलीवर माझा अनुभव. मी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेलो तेव्हा माझी वही तिथंच ठेवली, पण नवीन सरांना ती कपाटात सापडली नाही, कुणी सांगितलंच नव्हतं. आता मी आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत दर वेळी अर्धा तास मागून घेतो, केंद्रातले सगळे शिक्षक माडिया वाक्यं एकमेकांना विचारतात. एकाची बदली झाली तरी केंद्रात कुणीतरी राहतं. तेवढं करा.


सातपुड्यातली_मॅडम

हे चांगलं सुचवलंत सर, केंद्रप्रमुखांशी बोलते. ते माणूस ऐकणारे आहेत.

वहीचं मी आज आमच्या शाळेतल्या नव्या सरांशी बोलले. शाळेत टेबल-खुर्चीची नोंद जडसंग्रह रजिस्टरला असते, चार्ज देताना एकेक वस्तू मोजून सही घेतो. तिथंच कोरकूची वही चढवायची असं ठरलं, म्हणजे जो कुणी पुढं येईल त्याला ती ताब्यात घेतल्याची सही करावी लागेल आणि निदान उघडून बघावी लागेल. पहिल्या पानावर आजीचं घर कुठं आहे ते आणि मदतनिसाला विचारा असं लिहिते. पानं भरत आली, दुसरी वही पण आणली.


धारणीचा_पोट्टा

मॅडम, वहीसोबत आवाज पण ठेवा, नुसतं वाचून ते तानाचं कुणाला कळणार नाही. मी रविवारी गावी चाललो, माझ्या आत्याच्या आवाजात जोड्या रेकॉर्ड करतो, आकडे पण, आणि ते दोघांसाठीचं आणि जास्तींसाठीचं रूप वीस-पंचवीस शब्दांचं. नेटवर्क नसते गावात म्हणून पेनड्राइव्हवर टाकून धारणीच्या बाजारात तुमच्या सरांच्या हाती देतो. त्याची पण रजिस्टरला नोंद करून घ्या.